वंशावळ आणि दफ्तर : कुळाचा शोध कोठे व कसा घ्यावा

दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस महाविद्यालयीन प्रवेशांचा हंगाम जवळ आला, की तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षापुढे गर्दी होऊ लागते. कोणाला आजोबांचा जन्माचा उतारा हवा असतो, कोणाला पणजोबांच्या नावाचा जुना फेरफार, तर कोणाला मोडीतील एखाद्या कागदाची नक्कल. जातीचे प्रमाणपत्र व त्याची पडताळणी, वारसनोंद, वाटणीचा दावा, निवडणुकीतील राखीव जागेची उमेदवारी अशा अनेक कारणांनी सामान्य माणसास आपल्या पूर्वजांचा माग काढावा लागतो. एके काळी हा केवळ सरदार-जहागीरदारांचा किंवा इतिहासाची आवड असणाऱ्यांचा विषय होता. आज तो शेतमजुराच्या मुलाचाही झाला आहे. वंशावळीचा एक दुवा जुळला नाही, तर त्या मुलाचे शिक्षणाचे एक वर्ष वाया जाऊ शकते.

असे असूनही हा शोध कोठून सुरू करावा, कोणता कागद कशासाठी उपयोगी पडतो आणि कोणत्या कागदावर किती विसंबावे, याची माहिती फारच थोड्यांना असते. ग्रामपंचायतीचे सदस्य, प्राथमिक शिक्षक आणि गावपातळीवरील कर्मचारी यांच्याकडेच लोक प्रथम विचारणा करतात. तेव्हा त्यांना तरी या दफ्तरांची ओळख असणे अगत्याचे आहे.

शिरगणतीविषयीचा एक गैरसमज

प्रारंभीच एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुन्या जनगणनेत आपल्या पूर्वजांची नावे सापडतील, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत बहुधा परदेशांतील उदाहरणांवरून रूढ झाली असावी. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या शिरगणतीच्या याद्या घरवार व नावनिशीवार जपून ठेवण्यात आल्या असून शंभर वर्षे लोटल्यानंतर त्या सर्वांस पाहावयास मिळतात. १९२१ च्या गणनेच्या याद्या तेथे जानेवारी २०२२ मध्ये खुल्या करण्यात आल्या. त्याचप्रमाणे १८५८ पासूनची मृत्युपत्रे त्या देशात एका मध्यवर्ती व्यवस्थेखाली नोंदली गेली आहेत. शिरगणती आणि मृत्युपत्र या दोन काठ्यांच्या आधाराने तेथील सामान्य कुटुंबही पाच-सहा पिढ्या सहज मागे जाऊ शकते.

आपल्याकडील स्थिती निराळी आहे. भारतात पहिली शिरगणती १८७२ च्या सुमारास झाली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी एकाच वेळी सर्वत्र होऊ लागली. प्रगणकांनी घरोघर जाऊन माणसे मोजली हे खरे. परंतु ती माहिती कोष्टकांत उतरवून झाल्यावर मूळ चिठ्ठ्या व तक्ते नष्ट करण्याची पद्धत होती. त्यामुळे मागे उरले ते आकडे. एखाद्या तालुक्यात किती घरे, किती स्त्रिया, किती पुरुष, कोणत्या जातीची किती माणसे, हे १९३१ पर्यंतच्या अहवालांतून कळते. त्यांत आपला पणजोबा होता की नव्हता, हे मात्र कळत नाही. पुढे १९४८ च्या जनगणना अधिनियमाने तर व्यक्तिगत माहिती गोपनीय ठरविली. ती कोणास पाहता येत नाही व दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही दाखल करता येत नाही. जुने जनगणना अहवाल आणि गॅझेटिअर यांचा उपयोग गावाची व समाजाची पार्श्वभूमी समजून घेण्यापुरता आहे. व्यक्तीचा शोध घेणाऱ्याने त्यांच्या मागे वेळ दवडू नये.

मृत्युपत्र थोडे, वाटणीपत्र फार

मृत्युपत्राचेही तसेच आहे. एकत्र कुटुंबपद्धतीत वडिलार्जित मिळकतीवर मुलांचा जन्मतःच हक्क मानला जात असल्याने बापाला ती मिळकत मृत्युपत्राने कोणास देण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे. ज्यास पुत्र नाही तो दत्तक घेई. हिंदूंमध्ये मृत्युपत्राचा प्रघात इंग्रजी न्यायालयांच्या काळात वाढला. १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने त्यास मुंबई शहरापुरते निश्चित रूप दिले आणि पुढे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमात हा विषय समाविष्ट झाला. साहजिकच जुनी मृत्युपत्रे आढळतात ती मुख्यतः मुंबईसारख्या शहरांतील, व्यापारी, पारशी, ख्रिस्ती आणि स्वकष्टार्जित मिळकत असलेल्या घराण्यांतील. अशा मृत्युपत्रांना उच्च न्यायालयाकडून प्रोबेट घेण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ चालत आल्यामुळे त्यांचे कागद न्यायालयीन दफ्तरात जमा झाले.

ग्रामीण महाराष्ट्रात इंग्रजी मृत्युपत्राचे काम खऱ्या अर्थाने केले ते वाटणीपत्राने. त्याला जुन्या कागदांत फारखत असेही म्हटलेले आढळते. चार भाऊ विभक्त होतात तेव्हा मूळ पुरुष कोण, त्यास मुलगे किती, त्यांपैकी निपुत्रिक कोण वारला, विधवा भावजयीच्या पोटगीची व्यवस्था काय, देवघर कोणाकडे, विहिरीच्या पाळ्या कशा, हे सर्व त्यात लिहावेच लागते. वंशशोधकास एका वाटणीपत्रातून जे मिळते ते दहा उताऱ्यांतून मिळत नाही. दत्तकपत्राचे मोलही असेच मोठे आहे. कारण रक्ताची वंशावळ व कायद्याची वंशावळ जेथे वेगळ्या होतात, ते वळण फक्त हा कागदच दाखवितो.

हे दस्त सापडतात कोठे? १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्तांची पुस्तके ठेवली जातात. स्थावर मिळकतीचे दस्त पुस्तक क्रमांक १ मध्ये आणि मृत्युपत्रे व दत्तक घेण्याचे अधिकारपत्र पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंदले जातात. सूची क्रमांक १ व्यक्तींच्या नावांवरून आणि सूची क्रमांक २ मिळकतीवरून तयार केलेली असते. तेव्हा नाव ठाऊक नसले तरी सर्व्हे नंबरावरून शोध घेता येतो. मृत्युपत्राची नक्कल ते करणारी व्यक्ती हयात असेपर्यंत इतरांस मिळत नाही. मृत्यूनंतर मात्र अर्ज करणाऱ्या कोणासही ती मिळू शकते. मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. नोंदणी कार्यालयात सापडले नाही म्हणजे मृत्युपत्र झालेच नाही, असे अनुमान काढता येत नाही.

गोव्याची परंपरा याहून निराळी आहे. पोर्तुगीज अमदानीत तेथे १८६७ ची नागरी संहिता लागू झाली. तीनुसार मृत्युपत्राने साधारणपणे निम्म्याच मिळकतीची विल्हेवाट लावता येते. उरलेला हिस्सा सक्तीच्या वारसांचा असतो. मृत्यूनंतर मिळकतीची यादी करून वारस निश्चित करण्याची न्यायालयीन कार्यवाही होत असे व त्या प्रकरणांत वारसांची नावे नातेसंबंधासह येत. नोटरींची पुस्तके व चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी यांची त्यांत भर पडते. पणजीच्या अभिलेखागाराची परंपरा तर थेट १५९५ पर्यंत मागे जाते. त्या साली इतिहासकार दियोगु दु कोतु यांची अभिलेखपाल म्हणून नेमणूक झाली होती. सिंधुदुर्गातील ज्या कुटुंबांची सोयरिक गोव्यात आहे, त्यांना या दफ्तरांचा उपयोग होण्यासारखा आहे.

गावचे दफ्तर

महाराष्ट्रातील सामान्य कुटुंबाचा मुख्य आधार म्हणजे महसुली दफ्तर. यांत सर्वांत अधिक मागणी असते ती गाव नमुना १४ ला, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीला. यालाच पुष्कळ ठिकाणी कोतवाल बुक म्हणतात. कोतवालाने वर्दी द्यावयाची व गावकामगाराने ती लिहावयाची, अशी ही रीत होती. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या वह्या सामान्यतः तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. यांत तारीख, बापाचे नाव, जात, मूल मुलगा की मुलगी, वर्दी देणाराचे नाव अशी माहिती असते. मृत्यूच्या नोंदीत वय व कारणही लिहिलेले असते. १८९६ नंतरची प्लेगची वर्षे आणि १९१८ ची इन्फ्ल्युएंझाची साथ यांची छाया या पानांवर पडलेली दिसते. एखाद्या घराण्याची शाखा एकाएकी खुंटलेली आढळली, तर त्या वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी पाहाव्यात.

दुसरा आधार हक्कनोंदीचा. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीस सुरुवात झाली. आजची व्यवस्था १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली चालते. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ६-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही आणि ७ व १२ मिळून होणारा सात-बारा, हे सर्वांच्या परिचयाचे आहेत. वंशशोधासाठी सात-बारापेक्षा फेरफार अधिक बोलका असतो. सात-बारा आजचा धारक सांगतो. तो धारक कसा झाला, हे फेरफार सांगतो. 'मयत अमुक याचे वारस मुलगे तमुक' हे एक वाक्य दोन पिढ्यांना जोडते. त्याच्याही मागे जावयाचे असल्यास सूडपत्रक, शेतवार पत्रक, कडईपत्रक असे मोजणी व जमाबंदीच्या काळातील कागद भूमी अभिलेख कार्यालयात पाहावे लागतात. विदर्भात बंदोबस्त मिसल व अधिकार अभिलेख, तर मराठवाड्यात सेतवार व खासरा पाहणीपत्रक ही त्या त्या भागातील नावे होत. मराठवाड्यातील निजामकालीन कागद पुष्कळदा उर्दूत आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे (निवृत्त) यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा महसूल, शिक्षण, नोंदणी, कारागृह अशा अनेक खात्यांची जुनी कपाटे उघडली गेली. दुर्लक्षित दफ्तराचे मोल त्या निमित्ताने लोकांच्या ध्यानात आले, हेही नसे थोडके.

तिसरा आधार शाळेचा. गावच्या शाळेतील जनरल रजिस्टर हे भूमिहीन कुटुंबांचे जणू एकमेव लेखी स्मरण असते. ज्याच्या नावे जमीन नाही त्याचे नाव सात-बारावर येत नाही, फेरफारात येत नाही आणि वाटणीपत्राचा तर प्रश्नच नाही. त्याचे नाव येते ते जन्म-मृत्यूच्या वहीत आणि मुलगा शाळेत गेला असेल तर शाळेच्या रजिस्टरात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा जातपडताळणीत महत्त्वाचा मानला जातो. जातप्रमाणपत्राविषयीच्या २००० च्या महाराष्ट्र अधिनियमाने जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर टाकला आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जमातींच्या प्रकरणी निर्णय देताना चालीरीतींवर आधारलेली आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी नव्हे, असे स्पष्ट केले व जुन्या दस्तऐवजांचे पुराव्यातील महत्त्व अधोरेखित केले. म्हणजे १९३५ साली एखाद्या एकशिक्षकी शाळेत गुरुजींनी बोरूने लिहिलेली एक ओळ आज एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरवू शकते. फिरत्या जमातींच्या मुलांच्या बाबतीत ती ओळही बहुधा नसते. ही त्रुटी त्या कुटुंबांची नव्हे, ती दफ्तराची आहे, याचे भान चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यास असावयास हवे.

एक उदाहरण

हे सर्व कागद एकमेकांशी कसे जोडावयाचे, हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील एका गावचा एक विद्यार्थी २००६ साली जन्मला. त्याच्या वडिलांचा जन्म १९६६ चा. शाळेच्या निर्गम उताऱ्यावर आजोबांचे नाव तुकाराम राणू असे आहे. तुकाराम १९३८ साली त्याच शाळेत पहिलीत दाखल झाल्याची नोंद रजिस्टरात सापडते. तेथे बापाचे नाव राणू गणू. येथवर वाट सरळ आहे. पुढे १९४६ चा एक फेरफार मिळतो : 'मयत राणू बिन गणू याचे वारस मुलगे तुकाराम व ज्ञानू, अज्ञान, पालनकर्ती आई भागीरथी'. राणू कोण हे ठरले. आता राणूचा जन्म शोधावयाचा.

कोतवाल बुकात गणूच्या नावे १८८९ साली एक मुलगा व १८९३ साली दुसरा मुलगा, अशा दोन नोंदी दिसतात. जन्माच्या वेळी बारसे झालेले नसल्याने मुलाचे नाव लिहिलेले नाही. शिवाय गावात गणू नावाचे दोन इसम आहेत आणि दोघांचीही जात एकच लिहिली आहे. पुष्कळ अर्जदार येथे हाताला लागेल ती नोंद उचलतात आणि प्रकरण तपासणीत अडते. खरी वाट जमिनीची आहे. १९४६ च्या फेरफारातील सर्व्हे नंबर घ्यावा. तोच नंबर हक्कनोंदीच्या पहिल्या नोंदीत कोणाच्या नावे आहे ते पाहावे. तेथे 'गणू बिन मालू' असे नाव निघाले, तर दोन गणूंपैकी मालूचा मुलगा तो आपला, हे निश्चित होते. मग जन्माच्या दोन नोंदींपैकी ज्या नोंदीत बापाचे नाव 'गणू बिन मालू' असे पूर्ण लिहिले आहे तीच ग्राह्य धरावी. माणसांची नावे बदलतात, आडनावे तर हमखास बदलतात. सर्व्हे नंबर सहसा बदलत नाही, आणि त्याची फाळणी झाली तरी तिचा कागद राहतो.

नावांच्या बाबतीत आणखी काही खुणा सांगावयास हव्यात. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे 'राणू बिन गणू' आणि 'गणू बिन राणू' एकाआड एक पिढी येत राहतात. एक पिढी गळाली तरी ते चटकन कळत नाही. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा व 'कोम' म्हणजे अमक्याची पत्नी. 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. 'ए. कु. मॅ.' किंवा 'ए. कु. क.' ही अक्षरे नावापुढे असली, तर तो गृहस्थ एकट्याचा मालक नसून एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून नोंदला गेला आहे. त्याचे भाऊ कागदावर दिसत नाहीत म्हणून ते नव्हतेच, असे समजू नये. पाटील, कुलकर्णी, चौगुला ही पदे कालांतराने आडनावे झाली. गावाच्या नावाला 'कर' जोडून झालेली आडनावे गाव सोडल्यानंतरची असतात. तेव्हा आडनाव जुळले नाही म्हणून कागद टाकून देऊ नये आणि आडनाव जुळले एवढ्यावरून नातेही जोडू नये.

वरील फेरफारात राणूच्या दोन मुलांची नावे आली. राणूला मुली होत्या की नव्हत्या, हे त्यावरून कळत नाही. जुन्या दफ्तरातील हे फार मोठे वैगुण्य होय. वंशावळ म्हणजे पुरुषांची साखळी, ही समजूत इतकी रुजलेली होती की मुलगी जन्माच्या वहीत एकदा दिसते आणि मग सासरी कोणाची तरी 'कोम' म्हणून उगवते. मधला दुवा कोणी लिहिलाच नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने मुलीला वारस मानले, महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये तिला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हक्क दिला. तरीही वारस तपासाच्या वेळी 'मुलींचे लग्न झाले आहे, त्यांची नावे कशास' असे सांगणारे आढळतातच. सरपंच व सदस्यांनी वारसांच्या पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी मुली किती, हा प्रश्न स्वतः विचारला पाहिजे. हक्कसोडपत्र करावयाचे असेल तर ते तिचे नाव लागल्यानंतर, तिच्या मर्जीने होऊ शकते.

त्याच्याही पूर्वी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वी जावयाचे तर गावचे दफ्तर अपुरे पडते आणि वतन-इनामाचे कागद पाहावे लागतात. १८५२ च्या अकराव्या कायद्याखाली इनाम कमिशनने इनामदारांकडून सनदा व पुरावे मागविले. आपला हक्क टिकविण्यासाठी घराणेच्या घराणी मूळ पुरुषापासूनची वंशावळ घेऊन कमिशनपुढे आली. या चौकशीने अनेकांची इनामे गेली. परंतु त्या निमित्ताने लिहिल्या गेलेल्या वंशावळी व कैफियती दफ्तरात राहिल्या. वतनांसाठी १८७४ चा वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला व वतन रजिस्टरे तयार झाली. यांत केवळ पाटील-कुलकर्णीच नाहीत. महार, रामोशी आदी कनिष्ठ मानल्या गेलेल्या वतनदारांचीही नावे आहेत. ही वतने १९५० ते १९६३ या काळात वेगवेगळ्या कायद्यांनी संपुष्टात आली. वतने गेली, त्यांची रजिस्टरे मात्र उपयोगाची राहिली.

पुण्याच्या अभिलेखागारातील पेशवे दफ्तर हा या शोधाचा शेवटचा टप्पा म्हणता येईल. तेथील मोडी कागदांची मोजदाद कोटींत केली जाते. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले, ते एकंदर संग्रहाच्या मानाने मूठभरच आहेत. मुंबई, कोल्हापूर, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथेही पुराभिलेख विभागाची कार्यालये आहेत. खाजगी कागदांसाठी पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून काम करीत आले आहे.

या कागदांपुढे दोन अडचणी येतात. एक मोडीची. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडून लिहिलेले नसतात आणि लेखकागणिक वळण बदलते. पुराभिलेख विभाग व काही संस्था मोडीचे वर्ग चालवितात. प्रत्येक तालुक्यातील दोन-चार शिक्षकांनी ही लिपी शिकून घेतली तर लोकांची फार मोठी सोय होईल. दुसरी अडचण कालगणनेची. शके असेल तर ७८ किंवा ७९ मिळवून इसवी सन येतो. मराठेशाहीच्या कागदांत बहुधा शुहूर सन असतो. तो मृग नक्षत्रापासून, म्हणजे जूनच्या आरंभी बदलतो आणि अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'खमस तिसैन मया व अलफ' म्हणजे पाच, नव्वद, शंभर व हजार मिळून ११९५. जूनपासून डिसेंबरपर्यंत यात ५९९ आणि जानेवारीपासून मेअखेर ६०० मिळवावे. खर्ड्याची लढाई मार्च १७९५ मध्ये झाली, ती याच ११९५ साली. हैदराबादचा फसली सन असल्यास ५९० किंवा ५९१ मिळवावे लागतात. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले, तेव्हा तेथे १३५७ फसली चालू होते.

वतनाच्या तंट्यांत वादी-प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकीकत लिहून देत, तिला करीना म्हणत. करीने वाचण्यास मनोरंजक असतात आणि वंशाची माहितीही भरपूर देतात. पण ते पक्षकाराने स्वतःच्या बाजूने लिहिलेले असतात, हे विसरता कामा नये. मूळ पुरुष जितका दूरचा, तितका त्याचा पराक्रम मोठा! याउलट गोतसभेपुढे झालेला महजर किंवा निवाडपत्र यांवर अनेकांच्या साक्षी असतात. त्यांचे वजन अधिक. जे तत्त्व करीन्यास तेच छापील कुलवृत्तान्तास लागू आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी कष्टपूर्वक आपले कुलवृत्तान्त प्रसिद्ध केले. त्यांतील अलीकडच्या पाच-सहा पिढ्या बहुधा भरवशाच्या असतात. त्यापलीकडे प्रत्येक विधानाला कागद मागावा. न्यायालयेही नात्याविषयीचे जुने कथन तपासताना ते वाद उपस्थित होण्यापूर्वीचे आहे काय, हे पाहतात.

सरकारी दफ्तराबाहेरही वंशावळी आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव व आडनाव यांनुसार यात्रेकरूंची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. येणारा यात्रेकरू आपल्या हाताने बाप-आजांची व मुलांची नावे लिहीत असल्याने हा घरच्या माणसाचाच लेख असतो. सांगली, कोल्हापूर भागांत हेळवी घरोघर येऊन वहीतून वंशावळ वाचून दाखवितात व नव्या जन्मांची भर घालतात. आणि जे सागरापार गेले त्यांचाही माग लागतो. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर गेले. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडील मराठी माणसेही होती. त्यांची नावे, वय, बापाचे नाव व मूळ गाव लिहिलेली रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत आणि तेथील मराठी भाषक कुटुंबे त्यांवरून कोकणातील आपले गाव शोधतात. अशी विचारणा एखाद्या ग्रामपंचायतीकडे आली, तर तिला उत्तर जावे.

दफ्तर राखणारांसाठी

जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, जुने फेरफार आणि शाळेची जनरल रजिस्टरे हे कायम जतन करावयाचे अभिलेख होत. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने त्यांच्या जतनाची जबाबदारी कार्यालयांवर टाकली आहे. अनेक जिल्ह्यांतील जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग झाले असून त्यांच्या प्रती संगणकावर मिळतात. स्कॅनिंग झाले म्हणून मूळ वही निरुपयोगी झाली, असे मात्र नाही. शाईचा फरक, खाडाखोड, मागाहून घुसडलेले अक्षर हे मूळ पानावरच ओळखता येते, आणि बनावट नोंदींचे प्रकार पाहता ते पान हाताशी असणे अत्यावश्यक आहे. नक्कल देताना ती जशीच्या तशी द्यावी. जात, नाव वा तारीख चुकीची वाटली तरी नक्कल लिहिणाऱ्याने ती सुधारू नये. अक्षर लागत नसेल तर तेथे 'वाचता येत नाही' असा शेरा द्यावा. अंदाजाने भरलेले एक अक्षर पुढे पुराव्यातील विसंगती ठरते व त्याचा जाच अर्जदाराला होतो. पान फाटलेले असल्यास तसे प्रमाणित करून द्यावे, म्हणजे अर्जदाराला दुय्यम पुराव्याचा मार्ग मोकळा राहतो.

शाळेच्या इमारतीची दुरुस्ती किंवा स्थलांतर होते तेव्हा जुन्या रजिस्टरांना सर्वाधिक धोका संभवतो. अशा वेळी मुख्याध्यापकांनी रजिस्टरांची वर्षवार यादी करून, कोणत्या वर्षांची उपलब्ध आहेत व कोणती नाहीत हे लिहून, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत व एक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे ठेवावी. कापडी बस्त्यात बांधून, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून थोडे दूर, कोरड्या जागी ठेवलेले रजिस्टर सहजासहजी खराब होत नाही. वाळवी लागते ती बहुधा भिंतीला टेकविलेल्या कपाटास.